दो फटे, एक नहीं फटा

सकाळी सात-सव्वासातला फोन वाजतो. त्या वेळी माझ्या एका हातात मुलाचा डबा असतो आणि दुसऱ्या हातात शाळेची बॅग. फोन कानाला लावला की सलाम होतो आणि लगेच आकडे येतात. "दो फटे, एक नहीं फटा." मी विचारते, "खाल्लं ना?" तिकडून "हां" येतं आणि फोन बंद.

हे माझे अब्बा. वय 74. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून 2010 साली फिटर म्हणून निवृत्त झाले. जे दोन फाटले आणि जो एक फाटला नाही ते आलू पराठे. गेल्या नोव्हेंबरपर्यंत या माणसाला घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं हे माहीत नव्हतं.

घरात आम्ही जी हिंदी-उर्दूची खिचडी बोलतो ती इथं मी बरीचशी मराठीत लिहिते आहे. पण "फट गया"चं मराठी करवत नाही. वर्कशॉपमध्ये एखादा जॉब वाया गेला की ते ज्या सुरात सांगायचे, तोच सूर त्यात असतो. जरासा राग, आणि उद्या परत करू असं काहीतरी.

आलू पराठा मुळात आमच्या घरातला नाही. आमच्याकडे पराठा म्हणजे तेल लावून घडी घातलेला, आणि रोजची भाकरी बाजरीची. आलूचा पराठा आला शेजारच्या क्वार्टरमधून. मनमाड जंक्शनचं गाव. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये एकाच रांगेत खानदेशी, बिहारी, तमिळ आणि पंजाबी माणसं राहायची. गावात गुरुद्वारा आहे. नांदेडला हुजूर साहिबला जाणारे लोक वाटेत इथं थांबतात. अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत, तिथं पंजाबचा गहू वाघिणी भरभरून उतरतो. त्यामुळे पंजाब आम्हाला नकाशापेक्षा जवळचा वाटायचा. आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना सगळी रांग बीजी म्हणायची. अम्मी त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. बीजींना मराठी येत नव्हतं आणि अम्मीला पंजाबी. पण दोघींच्या मधली भिंत कमरेइतकीच उंच होती. तिच्यावरून ताटल्या जायच्या, यायच्या, आणि रिकामी ताटली परत करायची नाही हा दोन्हीकडचा नियम होता. अम्मीकडून खिमा जायचा नाही, कारण बीजी मांस खात नव्हत्या. शीरखुर्मा मात्र भांडं भरून जायचा. तिकडून पराठे यायचे. असं करत करत अम्मी शिकली.

शाळेत मात्र या पराठ्यानं माझी फजिती केली. दुसरीत असताना बाईंनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, आलू पराठा. बाई म्हणाल्या, "अळूचा पराठा? घशाला खाज नाही सुटत?" सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी अम्मीला सांगितलं की शाळेत बटाटा म्हणायचं असतं. हा बटाटा शब्द पोर्तुगीजांचा, भाजीसकट त्यांच्याच जहाजातून आलेला, हे पुढे मी स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. तेव्हा फक्त एवढं समजलं होतं की घरात आलू आणि दारात बटाटा.

अम्मी आलू पराठे रोज करत नसे. रविवारी, अब्बांच्या सुट्टीला. आणि मी कॉलेजात होते त्या वर्षांत रमजान थंडीत यायचा, तेव्हा सहरीला. पोटात टिकतात म्हणायची. पहाटे साडेचारला ती लाटायची, मी भाजायची. माझं शिक्षण असं अर्धंच झालं. अर्ध्याचं पूर्ण मी लग्नानंतर केलं, आणि ते करताना किती पराठे फाटले याची मोजदाद ठेवली नाही.

अम्मीला जाऊन आता अडीच वर्षं होत आली. ती गेल्यावर पहिले तीन दिवस घरात चूल पेटली नाही, शेजारपाजारचे डबे आले. चौथ्या दिवसापासून आम्ही तिघं भावंडं आलटूनपालटून राहिलो. मग सुट्ट्या संपल्या. अब्बा म्हणाले, तुम्ही जा. गावात घरगुती डबा देणाऱ्या एका बाई होत्या. त्यांच्याकडून सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण लावलं. रात्री दूध-पाव. दोन वर्षं हे बरं चाललं असं आम्हाला वाटत होतं. ते फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचे आणि आम्ही ते मानून घ्यायचो, कारण मानून घेणं सोयीचं होतं.

अब्बांना शुगर आहे. सकाळची गोळी खाण्याच्या थोडी आधी घ्यायची असते, आणि घेतली की वेळेवर खायचं असतं. अम्मी होती तेव्हा ती तव्यावर काहीतरी टाकून मग गोळी त्यांच्या हातावर ठेवायची. गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी सवयीनं सातला गोळी घेतली. डब्याला उशीर झाला. नऊपर्यंत आला नाही. यांनी कुणाला फोन केला नाही, बिस्किटाचा पुडाही फोडला नाही. येईल, येईल म्हणत बसले. सव्वानऊला अंगणात नळापाशी घेरी येऊन पडले. शेजारच्या सुनेनं पाहिलं म्हणून निभावलं. तिनं घाम बघितला, बडबड ऐकली आणि डोकं चालवून आधी साखरेचं पाणी पाजलं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर 58 होती, म्हणजे त्याआधी किती असेल कुणास ठाऊक. कपाळाला चार टाके पडले.

त्या रविवारी आम्ही तिघं मनमाडला जमलो. थोरला भाऊ नाशिकहून, धाकटा कल्याणहून, मी पुण्याहून. थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. घर विकायचं, अब्बांनी चार-चार महिने तिघांकडे राहायचं. त्यानं एका एजंटाचा नंबर लिहून आणला होता, तो त्यानं फ्रिजवर चिकटवला. मला त्याचा राग आला, पण तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं. अब्बा कपाळाला पट्टी बांधून खुर्चीत बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मेरे को इधरच रहना है."

मी चिडले. म्हटलं, "राहायचं तर सकाळचं आपलं आपण करून खाता आलं पाहिजे. येतं तुम्हाला?"

ते म्हणाले, "सिखा दे."

मी पोहे म्हटलं, उपमा म्हटलं, अंडी म्हटली. खिचडीचं नाव काढलं तर म्हणाले, ते आजाऱ्याचं खाणं. शेवटी म्हणाले, आलू पराठा. थोरला हसला आणि मग वैतागला. शुगरच्या माणसाला तू बटाटा शिकवणार? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक खा, तेल-तूप कमी, सोबत दही घ्या, रोज बटाटाच नको, पण गोळी घेऊन उपाशी बसू नका. बटाट्याबद्दल त्यांनी फार काही म्हटलं नाही, उपाशी बसण्याबद्दल बरंच म्हटलं. भाऊ म्हणाले, बरं, बघू. एजंटाचा नंबर फ्रिजवरच राहिला.

मग नोव्हेंबरातले चार शनिवार-रविवार मी नगरमार्गे पुणे-मनमाड केलं.

पहिला दिवस डबे ओळखण्यातच गेला. अम्मीनं मीठ हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवलं होतं, ओवा एका जुन्या चहाच्या डब्यात, आणि साखरेच्या डब्यात तांदळाचं पीठ. अब्बा प्रत्येक झाकण उघडून वास घेत होते. मग त्यांनी खडू आणला आणि डब्यांवर नावं लिहिली. खडूचं अक्षर वर्कशॉपमधलं, गर्डरवर माप लिहावं तसं मोठं आणि सरळ.

पीठ मळणं त्यांना पटकन जमलं. जमायचंच होतं, हाताला ताकद आहे. अडचण पाण्याची. मनमाडचा माणूस पाणी हात आखडूनच घेतो. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात आयुष्य गेलंय, ग्लासभर पाणी परातीत ओतायचं तर त्यांच्या जिवावर येतं. पहिली कणीक लाकडासारखी झाली. मी सांगितलं, पोळीच्या कणकेपेक्षाही सैल हवी, कानाच्या पाळीइतकी मऊ. ते कानाची पाळी दाबून बघायचे, मग कणीक दाबायचे, मग पुन्हा कान. दोन्ही कानांना पीठ लागलं. मळून झाली की वरून तेलाचा हात फिरवून अर्धा तास झाकून ठेवायची. हा अर्धा तास त्यांना पटेना. काही न करता नुसतं ठेवून काय होणार? मी न ठेवलेल्या कणकेचा गोळा लाटायला दिला. लाटला की आखडून मागे यायचा. अर्ध्या तासानं तीच कणीक गुमान पसरली. मग पटलं.

बटाट्यानं जास्त दमवलं. पहिल्या खेपेला त्यांनी गॅस वाचावा म्हणून बटाटे चिरून कुकरला लावले. चिरलेला बटाटा पाणी पितो. सारण पिठल्यासारखं झालं आणि सगळे पराठे तव्यावर फुटले. दुसऱ्यांदा सालीसकट, अख्खे, तीन शिट्ट्या. शिजल्याबरोबर पाण्यातून काढायचे, गरम असतानाच साल काढायची, पण कुस्करायचे पूर्ण गार झाल्यावर. गरम सारण भरलं की वाफेनं कणीक आतून ओली होते आणि लाटताना फाटते. कुस्करण्यापेक्षा किसणीवर किसलेले बरे. एक गाठ राहिली तरी ती लाटण्याखाली खड्यासारखी वर येते.

नोव्हेंबरात बाजारात दोन्ही बटाटे असतात. नवा, ज्याची साल नखानं निघते, आणि शीतगृहातला जुना. नवा भाजीला छान, पण त्यात पाणी जास्त, चिकटही होतो. पराठ्याला जुना घ्यायचा. मात्र शीतगृहातला बटाटा कधीकधी गोडसर लागतो, कारण फार थंडीत त्याच्यातल्या पिठाची साखर होत जाते. असा बटाटा तव्यावर लवकर काळाही पडतो. घरी आणून दहा-पंधरा दिवस टोपलीत मोकळा, अंधारात ठेवला की गोडी बरीच कमी होते. अब्बांनी त्यासाठी टोपलीला तारखेची चिठ्ठी लावली.

मसाला सोपा. हिरवी मिरची आणि आलं अगदी बारीक, कोथिंबीर, जिरं, ठेचलेले धणे, चिमूटभर ओवा, मीठ. बीजी अनारदाणा घालायच्या. त्या पंजाबात माहेरी गेल्या की आणायच्या आणि अम्मीला पुडी द्यायच्या. त्या गेल्यावर अम्मीनं आमचूर घातलं. लिंबू घालायचं नाही, पाणी सुटतं. हळदही नको. हळद घातली की तो बटाटेवड्याच्या वाटेला लागतो, असं माझं मत आहे. मीठ सगळ्यात शेवटी, भरायच्या आधी पाच मिनिटं, कारण मीठ पडलं की सारण पाझरू लागतं.

आणि कांदा. इथं आमचं भांडण झालं.

अब्बा म्हणाले, कांदा राहिला. मी म्हटलं, आपल्याकडे कांदा नसतो. ते म्हणाले, तुझी अम्मी घालायची. मी म्हटलं, मी तिच्या शेजारी उभी राहून केलेत, मला माहीत आहे. ते म्हणाले, मी खाल्लेत, मलाही माहीत आहे. लासलगाव इतकं जवळ, घरात कांद्याची गोणी पडलेली, आणि कांदा नाही म्हणतेस? बराच वेळ चाललं. शेवटी मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, कांदा घालायची, पण फक्त रविवारी आणि फक्त त्याच्या पराठ्यात. बारीक चिरून, मीठ लावून, फडक्यात पिळून. मुलांच्या पराठ्यात नाही, कारण पिळायचं काम कोण करत बसणार.

म्हणजे दोघंही खरे होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रविवारी एका माणसाच्या एका पराठ्यासाठी फडक्यात कांदा पिळला जात होता आणि त्याला ते कळलं नव्हतं. कांदा पराठ्यात असतोच असं तो समजत होता.

आणि मला जे कधी बोलायचं नव्हतं ते मी तिथं बोलले.

1991 साली अम्मीचं मनगट मोडलं होतं. मी तेरा वर्षांची. दीड महिना प्लास्टर होतं. त्या दीड महिन्यात पहाटे उठून पोळ्या मी केल्या, डबे मी भरले आणि मग शाळेला गेले. अब्बा मी केलेलं खायचे, डबा घ्यायचे, सायकल काढायचे. पोळी जाड झाली तर जाड झाली म्हणायचेही. मी तवा तापत ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "तेव्हा तुम्ही एक दिवस तरी चहा ठेवला होता का? अम्मीसाठी? अठ्ठेचाळीस वर्षांत एकदा?"

ते काही बोलले नाहीत. हातातला गोळा फिरवत राहिले. तवा जास्त तापून धूर यायला लागला तेव्हा त्यांनीच गॅस बारीक केला.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला वाटायचं, तिच्या कामात मी मधे आलो तर तिला आवडणार नाही."

"विचारलं होतं?"

"नाही."

एवढंच. मला रडू आलं नाही आणि त्यांनी माफी मागितली नाही. आम्ही पराठे लाटले. त्या दिवशी चारातले तीन फाटले.

भरण्याची आणि लाटण्याची रीत मात्र मी त्यांच्याकडून थोडी शिकले, हे कबूल करायला हवं. मी सांगितलं होतं, गोळ्याची वाटी करायची, कडा पातळ ठेवायच्या, मध्य जाड. का, ते मला सांगता येत नव्हतं. अम्मी तसं करायची म्हणून मी करत होते. ते लगेच म्हणाले, बरोबर आहे, कडा सगळ्या वर एकत्र येणार, तिथं जाडी आपोआप वाढणार, म्हणून आधीच बेव्हल द्यायचा. दोन पत्रे जोडताना कड तासून घेतात, तसं. चुण्या घेत तोंड बंद केल्यावर वर जी शेंडी उरते ती मी आत दाबत असे. त्यांनी ती खुडून टाकली. नुसत्या कणकेचा डगळा आत राहिला की तिथं सारण पोचत नाही आणि तो कच्चा राहतो. इतकी वर्षं माझ्या पराठ्याच्या मधोमध एक कच्चट ठिपका का असायचा ते मला माझ्या फिटर बापानं सांगितलं.

सारण आणि कणीक सारखीच मऊ हवी, हा बीजींचा मूळ नियम. त्याचंही कारण त्यांनी लावलं. एक कडक आणि एक मऊ असेल तर दाब दिल्यावर दोन्ही वेगवेगळ्या वेगानं पसरणार, मग वरचं फाटणारच.

त्यांचा शत्रू होतं लाटणं. हाताला हातोड्याची सवय. लाटणं ढकलायचे आणि एक बाजू फाडायचे. मी सोपा मार्ग सुचवला. दोन पातळ पोळ्या लाटायच्या, मधे सारण पसरायचं, कडा दाबून बंद करायच्या. बऱ्याच घरांत असंच करतात, काही बिघडत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तो जोडलेला पराठा झाला, भरलेला नाही. मग आम्ही दुसरी युक्ती केली. भरलेला गोळा आधी बोटांनीच थापायचा, कडेकडेनं, तळहाताएवढा होईपर्यंत. मग मिनिटभर तसाच ठेवायचा. मग कोरडं पीठ लावून, बंद केलेली बाजू खाली ठेवून, हलक्या हातानं लाटायचं. लाटण्याला वजन द्यायचं नाही. भोक पडलंच तर त्यावर कोरड्या पिठाची चिमूट दाबायची आणि ती बाजू तव्यावर नंतर भाजायची. तवा लोखंडी. आधी दोन्ही बाजू कोरड्या भाजायच्या, ठिपके आले की मग तुपाचा हात. कुठंही भोक नसेल तर पराठा फुगतो. पहिला फुगला तेव्हा अब्बा मागे सरकले.

डिसेंबरपासून ते एकटे करू लागले. सारण रात्रीच करून फ्रिजमध्ये, मीठ सोडून. कणीकही रात्री मळलेली, सकाळी तासभर आधी बाहेर काढलेली. ते तीन लाटतात. एक खातात, दोन शेजारच्या पोरांना जातात. कुठला कोण खातो ते मी विचारलं नव्हतं. शेजारच्या सुनेनं सांगितलं की पोरांना न फाटलेला येतो.

मला खरी भीती गॅसची आणि गोळीची होती. गोळीचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच केला. रात्री झोपताना गोळ्यांची पाकिटं एका डबीत घालतात आणि ती डबी थंड तव्यावर ठेवून वर झाकण घालतात. सकाळी गोळी हवी तर तव्यापर्यंत जावं लागतं. तवा मोकळा करायचा, डबी खिडकीत ठेवायची, पराठा लाटायला घ्यायचा आणि मगच गोळी. मी म्हटलं, हे कसं सुचलं? ते म्हणाले, इंटरलॉकिंग आहे. रेल्वेत सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल पडत नाही, दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. तसंच हे. गॅसचा रेग्युलेटर बंद केल्यावर त्याच्यावर ते आपली टोपी अडकवतात. बाहेर निघताना टोपी घ्यायला आत जावंच लागतं, म्हणजे रेग्युलेटर दिसतोच.

जानेवारीत थोरला भाऊ येऊन गेला. अब्बांनी त्याला तीन पराठे वाढले, त्यानं तिन्ही खाल्ले आणि चौथा मागितला. मला फोनवर म्हणाला, अम्मीसारखा नाही, पण चांगला आहे. मग थोडं थांबून म्हणाला, "सगळं ठीक आहे गं. पण रात्री बाथरूममध्ये पडले तर?"

त्याला मी काय सांगणार? पराठ्यात त्याचं उत्तर नाही. घर विकायचा विषय जूनपर्यंत पुढे ढकलला आहे. नंबर अजून फ्रिजवर आहे. अब्बांनी तो काढलाही नाही आणि झाकलाही नाही.

मागच्या आठवड्यात मी न सांगता मनमाडला गेले. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. त्याच्या चौकोनांत अब्बा रोजचा हिशोब लिहितात, आधी फाटलेले, मग शाबूत. 2/1, 1/2, 1/2, 3/0, 0/3. शून्याच्या दिवशी चौकोनाला खडूनं गोल केलेला. मी बोट फिरवत खाली आले आणि थांबले. मंगळ, बुध, गुरू, तिन्ही चौकोन कोरे. त्या तीन दिवसांत माझ्या शाळेत परीक्षेची धावपळ होती. फोन आला होता का, तेही मला नीट आठवेना. मी तव्यावरचं झाकण उचललं. डबी जागेवर होती. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, त्या बरोबर कमी झाल्या होत्या.

अब्बा अंगणातून आत आले. मी कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारलं, "हे तीन दिवस काय खाल्लं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारते आहे.

"रोज रोज आलू काय खायचा? शुगर आहे मला," ते म्हणाले. "शेजारच्या सुनेकडून पोहे शिकलो. ते फाटत नाहीत, मग काय लिहिणार?"